पीककर्जाचे पुनर्गठन (खानदेश)

दुष्काळ, पूर, अतिवृष्टी, गारपीट अशा नैसर्गिक आपत्तीत पीक गेल्यावर बँक त्या हंगामाचे अल्पमुदत कर्ज आणि त्यावरचे व्याज एकत्र करून मुदती कर्जात बदलते, वसुली पुढे ढकलते आणि पुढच्या हंगामासाठी नवे पीककर्ज देते; या व्यवहाराला पीककर्जाचे पुनर्गठन म्हणतात. सहकारी बँकांच्या कागदांत ‘रूपांतर’ हा जुना शब्द अजून टिकून आहे. बोलीत काही जण यालाही ‘कर्ज नवं-जुनं केलं’ म्हणतात, पण तो वापर सैल आहे. नवे-जुने म्हणजे मार्चअखेर जुने कर्ज भरायचे, बहुधा हातउसने आणून, आणि लगेच नवे उचलायचे. पुनर्गठनात जुने भरले जात नाही. त्याचा प्रकार व मुदत तेवढी बदलते. कर्जमाफीशी होणारी गल्लत याहून मोठी आहे. माफीत देणे संपते, पुनर्गठनात ते लांबते. येथे खानदेश म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे धरले आहेत. १९०६ पर्यंत हा एकच जिल्हा होता, त्यानंतर पूर्व व पश्चिम खानदेश झाले. नंदुरबार १ जुलै १९९८ पासून वेगळा आहे.

पूर्वपीठिका : बँकांच्या आधी हे काम तगाईने, म्हणजे सरकारने शेतकऱ्याला दिलेल्या उचलीने, होई. या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार तो मराठी ‘तगणे’ या क्रियापदावरून आला : कुणब्याला हंगामापर्यंत तगवून धरणारी उचल ती तगाई. ‘तग धरणे’ हा वाक्प्रचार जवळचा असल्यामुळे हे मत पटकन पटते. दुसऱ्या मतानुसार मूळ अरबी ‘तकावी’, म्हणजे बळ देणे, ‘कुवत’ या शब्दाच्या कुळातले. ते फारसी महसुली परिभाषेतून उत्तरेत ‘तकावी’ व दक्षिणेत ‘तगाई’ असे रुळले. महसुली शब्दांचा एकूण प्रवास पाहता (तहसील, जमाबंदी, तहकुबी हे सगळे त्याच वाटेने आले) दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘तगणे’चा आधार मागाहून जोडला गेला असावा. मराठेशाहीत बियाणे, बैल, विहीर आणि ओसाड गावांची वसाहत यांसाठी तगाई दिली जाई. १८१८ नंतर इंग्रजी अमलातही, पेंढाऱ्यांच्या धामधुमीने व १८०३-०४ च्या दुष्काळाने उजाड झालेल्या खानदेशात, लागवड पुन्हा उभी करण्यासाठी हेच साधन वापरले गेले असे दिसते. डोंगरपट्ट्यातील भिल्लांना शेतीवर स्थिर करतानाही उचल देण्यात आली.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जमीन सुधारणा कर्ज अधिनियम (१८८३) व शेतकरी कर्ज अधिनियम (१८८४) झाले आणि तगाईला कायद्याचा साचा मिळाला. पहिला विहीर, बांध, ताल यांसाठी. दुसरा बी, बैल, वैरण आणि आपत्तीतील निकडीसाठी. मात्र तगाईची थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल होई. सावकारापेक्षा व्याज कमी, पण सावकार मागेपुढे पाही तेथे मामलेदार पाहत नसे; म्हणून अनेक रयत तगाईपासून दूरच राहिली. १८९६-९७ व १८९९-१९०० (संवत १९५६, म्हणून ‘छप्पन्न्या’) या दुष्काळांनी ही उणीव उघडी पाडली. १९०१ च्या आयोगाने परस्पर पतपुरवठ्यावर भर दिला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. गावची विविध कार्यकारी सोसायटी ही याच धाग्याची पुढची गाठ.

बँकेने स्वतःच तोटा पचवून मुदत वाढवावी, ही कल्पना मात्र १९५० च्या दशकातली. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने १९५४ च्या अहवालात त्यासाठी वेगळा निधी सुचवला. त्यानुसार १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेत राष्ट्रीय कृषी पत (स्थिरीकरण) निधी स्थापन झाला. पुढे ते काम नाबार्डकडे गेले. जिल्हा बँकाही नफ्यातून कृषी पत स्थिरीकरण निधी बाजूला ठेवतात. व्यापारी बँकांसाठी १९८४ मध्ये एकत्रित स्थायी सूचना निघाल्या. पीकहानीची किमान मर्यादा २०१५ मध्ये ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आली, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत हे सर्व एकत्र बांधले गेले.

२०१८ च्या निर्देशांची चौकट : आपत्ती जाहीर करणे शासनाचे काम, सवलत देणे बँकेचे. दोहोंची सांगड राज्यस्तरीय बँकर्स समिती (महाराष्ट्रात निमंत्रक बँक ऑफ महाराष्ट्र) किंवा जिल्हा सल्लागार समिती घालते. राज्याचा मोठा भाग बाधित असेल तर पहिली, काही जिल्हेच असतील तर दुसरी. जिल्ह्यात बैठक बोलावण्याची जबाबदारी अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे असते.

हानी ३३ ते ५० टक्के असेल तर परतफेडीला जास्तीत जास्त २ वर्षे. ५० टक्के किंवा अधिक असेल तर ५ वर्षे. दोन्हींत पहिले १ वर्ष वसुलीविना. आपत्तीच्या दिवशी जे खाते थकीत नव्हते तेच पात्र. ही अट कागदावर साधी दिसते, पण खानदेशातले अनेक नकार इथेच होतात : मागच्या वर्षीचे थकलेले असेल तर यंदाच्या गारपिटीने ते खाते पात्र ठरत नाही. पुनर्गठित खाते ‘चालू देणे’ मानले जाते, दंडव्याज लागत नाही, आणि शेतकऱ्याला नवे पीककर्ज जिल्ह्याच्या पीकनिहाय कर्जदराप्रमाणे (कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज, त्याप्रमाणे) मिळायला हवे. फेड संपण्याआधी दुसरी आपत्ती आली तर पुन्हा केलेले पुनर्गठन दुसऱ्यांदा केलेले धरत नाहीत. विहीर, ठिबक, ट्रॅक्टर अशा मुदती कर्जांत फक्त पीक गेले असेल, मालमत्ता शाबूत असेल, तर त्या वर्षाचा हप्ता पुढे सरकतो व मुदत १ वर्षाने वाढते. घरखर्चासाठी जुन्या कर्जदाराला तारणाविना १०,००० रुपयांपर्यंत कर्ज देण्याची तरतूदही आहे. तिचा वापर क्वचितच होतो.

पैसेवारी आणि तीन महिने : आणेवारी (१६ आणे पीक म्हणजे पूर्ण पीक) दशमान नाण्यांनंतर पैसेवारी झाली. प्रमाण उत्पन्न १०० पैसे धरून गावातले यंदाचे उत्पन्न किती, हे पीककापणी प्रयोग व नजर पाहणीवरून ठरते. ५० पैशांखाली गेले की टंचाई, हा महसुली संकेत गावोगाव पाठ आहे. बँकेचा निकष वेगळा : ३३ टक्के हानी म्हणजे ढोबळमानाने ६७ पैसे. त्यामुळे ६० पैसेवारीचे गाव टंचाईच्या यादीत नसले तरी कर्जसवलतीच्या मर्यादेत बसू शकते. हा फरक सोसायटीच्या पातळीवर फारसा कोणी सांगत नाही, आणि ‘आपलं गाव यादीत नाही’ एवढ्यावर अर्ज सुटतो.

खरी अडचण तारखांची. खाते ‘थकीत नाही’ हा दर्जा टिकवायचा तर पुनर्गठन आपत्तीच्या तारखेपासून ३ महिन्यांत पूर्ण व्हावे लागते. खरिपाची अंतिम पैसेवारी येते डिसेंबरात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी नद्यांना पूर येऊन चाळीसगाव शहर व परिसर पाण्यात गेला. त्या तारखेपासून मोजले तर मुदत नोव्हेंबरअखेर संपते, म्हणजे अंतिम पैसेवारीच्या आधी. याला निर्देशांतच उतारा आहे. पूर इतका उघड असेल की पिके गेल्याचे दिसतेच, तर जिल्हाधिकारी समितीसमोर पैसेवारी न काढण्याची कारणे मांडतात आणि नजर पाहणीवर निर्णय होतो. मुदत पुरत नसेल तर समिती रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयाकडे वाढ मागू शकते. दुष्काळात मात्र आपत्तीचा ‘दिवस’ कोणता हेच धूसर असते, व्यवहारात शासनाच्या घोषणेची तारीख धरली जाते. २०२३ च्या खरिपात राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत खानदेशातील चाळीसगाव, सिंदखेडा व नंदुरबार होते. जाहीर सवलतींत पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट आणि परीक्षा शुल्कमाफी यांचा समावेश होता. स्थगिती आणि पुनर्गठन या दोन गोष्टी आहेत. स्थगितीत वसुली थांबते पण खात्याचा दर्जा घसरत राहू शकतो. दर्जा वाचवते ते पुनर्गठन.

केळी : रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या पट्ट्यात नियमांची ओढाताण सर्वांत जास्त. मृगबाग (जून-जुलै लागवड) पुढच्या उन्हाळ्यात घडांनी वाकलेली असते, तेव्हाच मे-जूनची वादळे येतात. केंद्राच्या १२ अधिसूचित आपत्तींत चक्रीवादळ, गारपीट, ढगफुटी, कीड, शीतलहर आहे. तासाभराचे वावटळी वारे नाही. राज्याने आपल्या अधिकारात अवेळी पावसासारख्या आपत्ती जोडल्या आहेत, म्हणून पंचनाम्यात ‘वादळी वाऱ्यासह अवेळी पाऊस’ असा शब्दप्रयोग नेमाने येतो. तो नुसता अलंकार नाही, त्यावर पात्रता अवलंबून असते.

पंचनाम्यात झाडे मोजतात. दीड बाय दीड मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडे बसतात; ३३ टक्के म्हणजे १,४६७ च्या आसपास. खोडातून मोडलेले आणि मुळासकट आडवे झालेले झाड सहज मोजले जाते. निसवलेले (घड बाहेर पडलेले) झाड उभे राहिले, पण पाने चिंध्या झाली, तर घड भरत नाही आणि मालाला भाव मिळत नाही. हे नुकसान मोजणीत बहुधा निसटते. कांदेबागेत (ऑक्टोबर-नोव्हेंबर लागवड) झाडे तेव्हा लहान असतात, त्यामुळे शेजारच्या दोन बागांचे आकडे फार वेगळे येतात. पील (बुंध्याशी फुटलेला कोंब) राखून पीलबाग धरायची असेल तर पडलेले खोड लवकर काढावे लागते. ते पंचनाम्याआधी काढले तर पुरावाच जातो. तारखेसह फोटो आणि ई-पीक पाहणीत केळीची नोंद या दोनच गोष्टी तेव्हा उपयोगी पडतात. सातबारावर अजून मागच्या वर्षीची कपाशी दिसत असेल तर तलाठ्याचा पंचनामा आणि बँकेची कर्जनोंद जुळत नाही.

खात्यावर काय होते : सोसायटीत गटसचिव गटनिहाय यादी करतो : सभासदाचे नाव, आठ-अ प्रमाणे क्षेत्र, पीक, येणे मुद्दल, येणे व्याज, देय तारीख, हानीची टक्केवारी. संचालक मंडळाचा ठराव, सभासदाचे संमतीपत्र आणि यादी जिल्हा बँकेकडे जाते (धुळे व नंदुरबार मिळून एकच जिल्हा बँक आहे), तेथून राज्य बँक व नाबार्ड. एका स्तरावर यादी अडली की खालची सगळी अडते. राष्ट्रीयीकृत बँकेत साखळी छोटी असते, पण शाखा गावापासून लांब आणि संमतीपत्रावर सही करायला माणूस वेळेत पोचत नाही.

समजा मुद्दल १,००,००० आणि ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ७,०००. हानी ५५ टक्के ठरली तर १,०७,००० रुपयांचे मुदती कर्ज होते. पहिल्या वर्षी हप्ता नाही, पण व्याज सवलतीच्या ७ टक्क्यांनी ७,४९० रुपये. पुढची चार वर्षे मुद्दलाचे २६,७५० रुपयांचे हप्ते आणि त्यावर बँकेचा नेहमीचा दर. हानी ४० टक्के असेल तर दुसऱ्याच वर्षी १,०७,००० सबंध देय. म्हणजे ४९ आणि ५१ टक्क्यांतले अंतर तीन वर्षांचे असते, आणि पंचनाम्यावरचे बहुतेक वाद तिथेच पेटतात.

उलट बाजूही आहे. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरले तर केंद्राची वेळेवर फेडीची ३ टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते २०२१-२२ पासून बिनव्याजी पडते. पुनर्गठन घेतले की सामान्य आपत्तीत हा लाभ जातो. केंद्रीय पथकाच्या पाहणीनंतर ‘तीव्र’ ठरलेल्या आपत्तीतच व्याज सवलत अधिक वर्षे चालते. ज्याच्याकडे भरण्यापुरते पैसे आहेत त्याने मार्चअखेर भरणे अनेकदा स्वस्त पडते. संमतीपत्रे कमी येण्याचे हे एक कारण. दुसरे कारण माफीची वाट. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत पुनर्गठित कर्जेही (३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत, २ लाखांपर्यंत) धरली होती; तरी ‘पुनर्गठन केलं की माफीतून नाव जातं’ ही समजूत कायम आहे.

शासनाची मदत (राज्य आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या दराने जिरायत हेक्टरी ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक २२,५०० रुपये) बचत खात्यात येते. ती कर्जात वळती करू नये असे आदेश दरवेळी निघतात. तरी खात्याला ‘होल्ड’ (पैसे काढण्यावर रोख) लावल्याच्या तक्रारी येतातच, कारण थकीत खात्यावरचा होल्ड बहुधा मदत येण्याआधीचा असतो आणि तो काढण्यासाठी कोणीतरी लेखी सांगावे लागते. अशा वेळी शाखेला आदेशाच्या प्रतीसह अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि एक प्रत तहसील कार्यालयात द्यावी.

शेतीबाहेर : दुकानदार, गिरणी, छोटे उद्योग यांनाही हप्त्यांची फेरमांडणी व जादा खेळते भांडवल मिळू शकते, येथे निकष पीकहानीचा नसून व्यवसाय पुन्हा उभा राहण्याची शक्यता हा असतो. कागदपत्रे वाहून गेलेल्यांसाठी साध्या ओळखीवर खाते उघडता येते : शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत, वर्षाची जमा १,००,००० पर्यंत, किंवा मिळालेली मदत जास्त असेल तर तेवढी.

धडगाव, अक्कलकुवा : सातपुड्यातील वनपट्टे व सामाईक नावांच्या जमिनींवर पीककर्जच मुळात कमी, म्हणून पुनर्गठनही कमी. तेथे आपत्तीत आधार होता तो आदिवासी विकास महामंडळाच्या खावटी (उदरनिर्वाहासाठीच्या) कर्जाचा (१९७८ पासून). २०२०-२१ मध्ये खावटी पूर्णतः अनुदान स्वरूपात दिली गेली : कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे खात्यात व निम्मे किराण्याच्या रूपाने.