न जळालेलं युनिट

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं एक बोअर डोळ्यांसमोर आणू. पाणी दोनशे फुटांवर, म्हणजे साधारण ६० मीटरवर आहे. मोटर जुनी, दोन-तीन वेळा जळून वायंडिंग (तारेची गुंडाळी) नव्याने भरून आणलेली. एक हजार लिटर पाणी ६० मीटर वर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने फक्त ०.१६ युनिट वीज पुरते. पण मोटर, पंप आणि पाइप यांची मिळून कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर प्रत्यक्षात ०.५५ युनिट जळतं. उरलेली वीज वायंडिंगच्या उष्णतेत, पंपाच्या आतल्या झिजलेल्या पंख्यांत आणि अरुंद पाइपांच्या घर्षणात जाते.

आता शेतकऱ्याने चांगला पंपसेट बसवला आणि कार्यक्षमता ५० टक्क्यांवर नेली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि पाणी चारशे फुटांवर गेलं. आता हजार लिटरला ०.६५ युनिट लागतात. पंप सुधारला, तरी वीज जास्त जळाली! कागदावर हा शेतकरी नापास. पण जुनीच मोटर ठेवली असती, तर त्या खोलीवरून १.०९ युनिट लागले असते. म्हणजे दर हजार लिटरमागे ०.४४ युनिट खरंच वाचलं. फक्त ते कुठल्याही मीटरवर उमटलं नाही, कारण मीटर वापरलेली वीज मोजतो.

ऊर्जा बचतीच्या धोरणाची सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे, असं माझं मत आहे. बचत ही वजाबाकी असते आणि तिच्यातला एक आकडा प्रत्यक्षात कधी घडलेलाच नसतो. ‘एरवी किती वीज लागली असती’ हे कुणीतरी ठरवावं लागतं. ज्या वर्षावरून ते ठरवतात, त्याला आधारवर्ष म्हणतात. मराठवाड्यात आधारवर्ष निवडणं फार अवघड आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी इथे नद्यांना पूर आले. असं वर्ष ‘नेहमीचं’ कसं धरणार? शिवाय बोअर कोरडं पडलं की मोटर बंद राहते आणि विजेचा वापर घटतो. तो घटलेला आकडा बचतीच्या रकान्यात गेला, तर दुष्काळच यश म्हणून नोंदला जाईल.

आणि हे सगळं मीटर असेल तर. आपल्याकडे कितीतरी कृषिपंपांना मीटर नाही. त्यांचा वापर मोटरच्या अश्वशक्तीवरून आणि तासांच्या अंदाजावरून धरला जातो. अंदाज वरचा धरला की हरवलेली वीजही शेतीच्या खात्यात जाते आणि विजेच्या वाहिनीतली (फीडरमधली) गळती आणि चोरी आपोआप कमी दिसते. त्यामुळे खरा आकडा बाहेर यावा अशी घाई यंत्रणेत फारशी कुणाला नसते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीज मोफत आहे. दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, हे मी नाकारणार नाही. पण चांगल्या पंपासाठी जादा पैसे मोजण्याचं त्याच्यापुरतं कारणही त्याबरोबर संपलं.

खरं तर शेतकरी आधीही हलकी मोटर अडाणीपणाने घेत नव्हता. थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्री येते, म्हणून तो स्टार्टरला ऑटो लावून झोपतो. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, व्होल्टेज कोसळतं, मोटर जळते, कधी डीपीच (शिवारातला ट्रान्सफॉर्मर) जळते. अशा पुरवठ्यात गावातला कारागीर दोन दिवसांत भरून देईल अशी जाड तारेची मोटर हेच शहाणपणाचं ठरतं. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा भागात जुने कृषिपंप बदलून कार्यक्षम पंप बसवण्याचा देशातला सुरुवातीचा पथदर्शी प्रयोग झाला होता. नुसता पंप बदलून भागत नाही. व्होल्टेज आणि दुरुस्तीची सोय त्याच्या जोडीला लागतेच.

आणखी एक पेच जुना आहे. १८६५ मध्ये विल्यम स्टॅनले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळशाचा खप उलट वाढला, कारण इंजिन वापरणंच परवडू लागलं. आपल्याकडे ठिबक बसवून वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस उभा राहतो, तेव्हा हेच घडतं. सौरपंपाने वाहिनीवरचा भार कमी होतो, पण पाणी उपसायचा खर्च शून्यावर येतो आणि बोअर आणखी खोल जातं.

लक्ष्य गाठलं जातं तेव्हाही प्रश्न उरतात. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर ऊर्जा दक्षता ब्यूरो उभं राहिलं. २०१२ मध्ये मोठ्या कारखान्यांना बचतीचं लक्ष्य देऊन जादा बचतीची प्रमाणपत्रं विकू देणारी योजना आली. पहिल्या फेरीत ४७८ कारखान्यांना मिळून ६६.९ लाख टन तेलाएवढी ऊर्जा वाचवायची होती. वाचली ८६.७ लाख टन. कौतुकाची गोष्ट आहे. पण लक्ष्य जवळजवळ तीस टक्क्यांनी ओलांडलं जातं, तेव्हा ते मुळात सैल होतं का, हे विचारायलाच हवं. जालन्याच्या छोट्या री-रोलिंग भट्ट्यांसारखे, म्हणजे पोलाद तापवून सळ्या लाटणारे, उद्योग तर अशा योजनांच्या उंबरठ्यापर्यंतही सहसा पोचत नाहीत.

घरांमध्ये अडचण वेगळी आहे. लातुरात शिकवणीसाठी आलेल्या मुलांच्या खोलीत पंखा घरमालक घेतो आणि बिल मुलांच्या वाटणीला येतं. साधा पंखा ७५ वॅट खातो, नव्या पद्धतीचा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले, तर वर्षात दोनशेच्या वर युनिटं वाचतात. पण महाग पंखा घेऊन मालकाच्या हाती काय येतं? छताच्या पंख्यांवर तारांकन (वीज बचतीचे स्टार) १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. सगळ्यात वाईट पंखे त्यामुळे बाजारातून हटतात. घरमालक मात्र उरलेल्यांतला स्वस्तातलाच निवडतो.

मग मराठवाड्याच्या शिवारासाठी लक्ष्य कसं ठरवावं? मला एक माप पटतं: एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला किती वॅट-तास (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास) लागले? निसर्गनियमाने किमान २.७ लागतातच. ३० टक्के कार्यक्षमतेच्या जुन्या पंपाला ९ लागतात, ५० टक्क्यांच्या पंपाला साडेपाच. पाणी दोनशे फुटांवर असो की चारशेवर, पंप तसाच चालत असेल तर हा आकडा फारसा हलत नाही, त्यामुळे दुष्काळाचं खापर शेतकऱ्यावर फुटत नाही आणि चांगल्या पावसाचं श्रेय योजनेला जात नाही. त्यासाठी लागणारी अर्धी माहिती आजही गोळा होते. गावठाण आणि शेतीच्या वाहिन्या जिथे वेगळ्या झाल्या आहेत, तिथे उपकेंद्रात शेतीची एकूण वीज मोजता येते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा नोंदवते. दर वाहिनीवरच्या वीस-पंचवीस पंपांना विजेचा आणि पाण्याचा मीटर बसवला, पुरवठा दिवसा आणि पूर्ण व्होल्टेजने दिला, तर तीन हंगामांत त्या वाहिनीचा खरा आकडा हाती येईल. गावाला न विचारता बसवलेला मीटर मात्र आठवड्यात बायपास होतो, म्हणून सुरुवात ग्रामसभेतूनच करावी लागेल.