धावपटूंची साखर आणि आपली चरबी

माझ्या जिममध्ये दर जानेवारीत एक संवाद हमखास कानावर पडतो. वजन कमी करायला आलेली एखादी ताई विचारते, "सर, संध्याकाळी व्यायाम झाल्यावर भाकरी खाल्ली तर चालेल का?" एक ट्रेनर सांगतो, "अर्ध्या तासाच्या आत खा. तेव्हा स्नायू कार्ब्स, म्हणजे भाकरीतली कर्बोदकं, ओढून घेतात, त्यांची चरबी होत नाही." दुसरा सांगतो, "दोन तास कार्ब्सला हातसुद्धा लावू नका, फॅट बर्न थांबतं." दोघंही मनापासून सांगत असतात आणि दोघांच्याही सांगण्यामागे खरे प्रयोग आहेत. ताई मात्र घाबरून रात्री काकडी खाऊन झोपते. तिला कोणीतरी ही मागची गोष्ट सांगायला हवी असं मला फार वाटतं.

गोष्ट चरबीपासून सुरू होत नाही, थकव्यापासून होते. स्नायू काम करताना नेमकं काय जाळतात, हा शंभर वर्षांपूर्वीचा मोठा वाद होता. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी 1920 साली त्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. पद्धत देखणी होती. माणसाला सायकल चालवायला लावायचं आणि त्याने किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजायचं. दोन्ही सारखे भरले, म्हणजे गुणोत्तर 1 आलं, तर कर्बोदकं जळत आहेत. ते 0.7 वर उतरलं तर चरबी. मधला आकडा म्हणजे दोन्हीचं मिश्रण. चरबीयुक्त आहारावर असलेल्यांना तेच काम जड जात होतं आणि तेवढ्याच कामाला सुमारे दहा टक्के जास्त ऊर्जा लागत होती. हे गुणोत्तर लक्षात ठेवा, पुढे सगळा घोटाळा त्याच्याच अर्थावरून झाला.

मग बॉस्टन मॅरेथॉन. शर्यत संपवून आलेल्या धावपटूंचं रक्त तपासल्याचा अहवाल 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. जे पांढरेफटक पडले होते, ज्यांना धड बोलता येत नव्हतं, त्यांच्या रक्तातली साखर फारच उतरलेली होती. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी धावपटूंना आधी कर्बोदकं जास्त खायला लावली आणि शर्यतीत गोड गोळ्या दिल्या. साखर टिकली, माणसंही उभी राहिली. व्यायामाच्या वेळेशी कर्बोदकांची सांगड घालण्याच्या कल्पनेचा उगम मला इथे दिसतो. तिचा हेतू एकच होता, दमून कोसळू नये.

स्नायूच्या आत डोकावायची सोय मात्र 1960 च्या दशकात झाली. स्टॉकहोममध्ये योनास बर्गस्ट्रॉम यांनी जाड, पोकळ सुई वापरायला सुरुवात केली. मांडीची कातडी बधिर करायची, छोटीशी चीर द्यायची, सुई आत घालायची आणि स्नायूचा बारीकसा तुकडा कापून बाहेर काढायचा. त्या तुकड्यात ग्लायकोजेन किती आहे ते मोजता येऊ लागलं. ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवलेली साखर. यकृतात साधारण 100 ग्रॅम, स्नायूंमध्ये 400 ग्रॅमच्या आसपास, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी.

1966 चा त्यांचा प्रयोग मी कितीदा वाचला तरी डोळ्यांसमोर उभा राहतो. बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन हे दोघे स्वतःच प्रयोगाचे विषय झाले. सायकल एकच. एक जण एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येकाचा एकच पाय पेडलवर. दुसरा पाय स्वस्थ. दमून थांबेपर्यंत ते पेडल मारत राहिले. मग तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि रोज दोन्ही मांड्यांत सुई टोचून घेतली. रक्त तेच, जेवण तेच, रक्तातली साखर पेशींत पोचवणारं इन्सुलिन तेच, पण व्यायाम झालेल्या पायात ग्लायकोजेन दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट साठलं. व्यायाम ज्या स्नायूचा, भूक त्याच स्नायूला लागते हे दोन पायांनी दाखवून दिलं. "स्नायू कार्ब्स ओढून घेतात" हे आज जिममध्ये ऐकू येणारं वाक्य या प्रयोगाचा वंशज आहे.

पुढच्याच वर्षी याच गटाने आहार बदलून त्याच माणसांना सायकलवर बसवलं. कर्बोदकं तोडल्यावर ती सुमारे 57 मिनिटांत दमली, नेहमीच्या जेवणावर 114 मिनिटं टिकली आणि कर्बोदकं वाढवल्यावर 167 मिनिटं. धावपटूंनी हे लगेच उचललं. ब्रिटनचा रॉन हिल 1969 मध्ये अथेन्सला युरोपीय मॅरेथॉन जिंकला, तो असाच आधी कर्बोदकं तोडून मग भरपूर खाऊन.

घड्याळ आलं ते 1988 मध्ये. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जॉन आयव्ही आणि सहकाऱ्यांनी 12 सायकलपटूंना 70 मिनिटं जोरात सायकल चालवायला लावली आणि मग दर किलो वजनामागे 2 ग्रॅम कर्बोदकं दिली. 70 किलोच्या माणसाला 140 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा केळ्यांतली कर्बोदकं. एकदा ती व्यायाम संपल्यासंपल्या दिली, एकदा दोन तासांनी. उशिरा दिल्यावर ग्लायकोजेन भरण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला. प्रयोग चोख होता. फक्त मोजणी व्यायामानंतरच्या पहिल्या चार तासांची होती. सकाळी एक शर्यत आणि दुपारी दुसरी असेल तर हे चार तास सोन्याचे. आपल्यासारख्या दिवसाआड जिमला जाणाऱ्याला मधे पुरे अठ्ठेचाळीस तास मिळतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 मध्ये हेच तपासलं. कर्बोदकं लगेच दिली काय आणि दोन तासांनी दिली काय, 8 तासांनी आणि 24 तासांनी ग्लायकोजेन सारखंच भरलेलं होतं.

हा 1997 चा निष्कर्ष बाजारात पोचलाच नाही. पोचली ती 1988 ची "खिडकी", म्हणजे व्यायामानंतर लगेच खायचा तो थोडा वेळ. "अनाबॉलिक विंडो" या नावाने ती पुढे प्रोटीनलाही चिकटली, आणि व्यायामानंतरचा गोड शेक हा धंदा झाला. आयव्हींच्या कामात चरबी घटवण्याचा प्रश्नच नव्हता. ग्लायकोजेन लवकर भरतं याचा अर्थ "या वेळेत खाल्लेलं अंगाला लागत नाही" असा कधी झाला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या ट्रेनरचा सल्लाही त्याच ऑस्टिनमधून येतो. आयव्हींच्या 1988 च्या निबंधात एडवर्ड कॉयल हे सहलेखक होते. याच कॉयल यांच्या गटाने 1997 मध्ये दाखवलं की व्यायामाच्या तासभर आधी साखर दिली तर इन्सुलिन वाढतं, चरबीच्या पेशींतून चरबी सुटणं मंदावतं आणि व्यायामात चरबी कमी जळते. हेही खरंच. क्रोग यांचं गुणोत्तर रिकाम्या पोटी खाली उतरतं, म्हणून पहाटे उपाशीपोटी कार्डिओ, म्हणजे धावण्या-सायकलीसारखा दम लावणारा व्यायाम, म्हणून व्यायामाच्या मागेपुढे कार्ब्स बंद.

चूक मोजण्यात नव्हती, हिशेब एका तासावर थांबवण्यात होती. सकाळी चरबी जास्त जाळली तर शरीर उरलेल्या दिवसात साखर जास्त आणि चरबी कमी जाळतं. महिन्याच्या खर्चाचा हिशेब एका सकाळच्या भाजीवरून कोणी मांडत नाही. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 20 तरुण स्त्रियांवर हे सरळ करून पाहिलं. चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, तासभर कार्डिओ. दोन्ही गटांचं खाणं सारखंच कमी केलेलं. एका गटाने शेक व्यायामाआधी घेतला, दुसऱ्याने व्यायाम झाल्यावर. दोन्ही गटांत वजन आणि चरबी घटली, आणि गटागटांत लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही. प्रयोग छोटा आणि थोड्या दिवसांचा आहे हे मान्य, पण वेळेची जादू असती तर तिची चाहूल तरी लागायला हवी होती.

केव्हिन हॉल यांचा अमेरिकेतला 2015 चा प्रयोग मला आणखी बोलका वाटतो. 19 लठ्ठ माणसांना वॉर्डात ठेवून, प्रत्येक घास मोजून, एकदा कर्बोदकांतल्या आणि एकदा स्निग्धांशातल्या तेवढ्याच कॅलरी कापल्या. कर्बोदकं कापल्यावर इन्सुलिन उतरलं, शरीर चरबी जास्त जाळू लागलं. तरीही सहा दिवसांत अंगावरची चरबी जास्त घटली ती स्निग्धांश कापल्यावर. जाळलेली चरबी आणि घटलेली चरबी हे दोन वेगळे आकडे आहेत. भाकरी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा झरकन दोन किलो खाली येतो, त्यातला मोठा वाटा रिकाम्या झालेल्या ग्लायकोजेनचा आणि त्याच्यासोबतच्या पाण्याचा असतो.

वेळापत्रकाने काहीच होत नाही असंही नाही. फ्रान्समध्ये 21 ट्रायथलॉनपटूंवर (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत करणाऱ्यांवर) केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाने संध्याकाळी कठीण व्यायाम केला, रात्री कर्बोदकांशिवाय झोपला आणि सकाळी उपाशीपोटी हलका व्यायाम केला. दिवसाचं एकूण खाणं दोन्ही गटांना सारखंच आखून दिलं होतं. तीन आठवड्यांत या गटाची धाव सुधारली आणि चरबीही थोडी घटली. पण ते रोज तासन्‌तास सराव करणारे खेळाडू होते आणि रात्री वगळलेली कर्बोदकं त्यांना दिवसा भरून मिळत होती. आपल्या ताईला ती कोणी भरून देत नाही. ती नुसती उपाशी झोपते, आणि गुरुवारपासून जिमला यायची बंद होते.

ज्यांना मधुमेह आहे आणि जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी तर उपाशीपोटी व्यायामाचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. बॉस्टनच्या त्या धावपटूंसारखी साखर घरातल्या घरात उतरू शकते.

एक वेळ मात्र खरोखर कामाची निघाली आहे, आणि ती आपल्या आजी-आजोबांच्या ओळखीची आहे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात 2013 मध्ये साठीपुढच्या, साखर वाढण्याचा धोका असलेल्या 10 जणांना प्रत्येक जेवणानंतर 15 मिनिटं चालायला लावलं. त्यांची दिवसभराची साखर सुधारली. रात्रीच्या जेवणानंतरची साखर उतरवायला हे छोटं चालणं सलग 45 मिनिटं चालण्यापेक्षा सरस ठरलं. इथे बर्गस्ट्रॉम यांच्या सायकलवरच्या पायाचंच तत्त्व आहे, काम करणारा स्नायू साखर ओढून घेतो. आधी भाकरी, मग शतपावली. मी त्या ताईला परवा एवढंच सांगितलं.