घरपट्टी भरण्याआधी मालमत्तेची नोंद तपासा : आकारणी, नाव बदल, हरकत आणि पैसा जातो कुठे

मार्च उजाडला की वसुली पथक दारात येतं, थकबाकीदाराच्या दुकानापुढे हलगी वाजते, आणि मग लोक पावत्या शोधायला लागतात. तोवर उशीर झालेला असतो. घरपट्टीचं निम्मं भांडण रकमेचं नसतंच, ते पालिकेच्या नोंदवहीत आपली मालमत्ता कशी लिहिली आहे याचं असतं. नाव जुन्या मालकाचं, क्षेत्र चुकलेलं, वापर 'वाणिज्य' लागलेला. बिल त्या नोंदीतून निघतं. नोंद दुरुस्त न करता दरवर्षी पैसे भरत राहिलं, तर पुढच्या वर्षीही तेच बिल येणार.

आधी आपण कोणत्या कायद्याखाली येतो ते पाहा. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना इथे महापालिका आहे, म्हणून १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो. बीड, धाराशिव, हिंगोली, उदगीर, अंबाजोगाई अशा शहरांना १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू आहे. नगरपरिषदेत साधारण दर चार वर्षांनी आकारणी नव्याने होते, तिला चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात. त्या वर्षी आलेली नोटीस रद्दीत टाकू नका. पुढची चार वर्षं त्याच यादीवर निघणार असतात.

रक्कम येते कशी

आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, दर तुमच्या शहराचे लावा. २० बाय ३० च्या प्लॉटवर ६०० चौरस फूट बांधकाम आहे, म्हणजे ५५.७४ चौरस मीटर. निवासी दर महिना चौरस मीटरला १० रुपये धरला, तर वार्षिक भाडेमूल्य ६,६८९ रुपये. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरतं ६,०२० रुपये, हे करयोग्य मूल्य. सगळे कर मिळून ३० टक्के धरले तर वर्षाचं बिल १,८०६ रुपये.

आता पुढच्या बाजूला १० बाय १२ चं किराणा दुकान काढलं. दुकानाचा दर तिप्पट धरला, १२० चौरस फूट दुकान आणि ४८० चौरस फूट घर अशी वेगळी नोंद झाली, तर बिल साधारण २,५३० रुपये होतं. मोजणीला आलेल्याने अख्खं घरच वाणिज्य लिहिलं, तर तेच बिल ५,४१८ रुपयांवर जातं. शटर दिसलं की पूर्ण इमारतीला वाणिज्य शिक्का लागण्याचे प्रकार होतात. म्हणून मोजणीच्या वेळी घरात कोणीतरी थांबा. कोणती खोली कशासाठी वापरता ते दाखवा आणि पंचनाम्याची किंवा मोजणीपत्रकाची प्रत मागा. भाडेकरू असेल तर तेवढ्या भागाची आकारणी वेगळी होते. भाडे लपवून काही दिवस भागतं, पण नोंदणीकृत भाडेकरारातला आकडा कधीतरी समोर येतोच.

बिलावर एकच 'घरपट्टी' नसते. सामान्य कर, सफाई कर, मलप्रवाह कर, पाणीपुरवठा लाभ कर, पथकर, अग्निशमन कर, वृक्ष कर, शहरागणिक नावं थोडी बदलतात. त्यातच राज्याचा शिक्षण कर आणि बिगरनिवासी मालमत्तेवर रोजगार हमी कर असतो. हे दोन्ही पालिका फक्त गोळा करते, पुढे शासनाकडे भरते. नळपट्टी बऱ्याच ठिकाणी वेगळी असते आणि अर्ध्या इंची नळाला वर्षाची ठोक रक्कम लागते. आठ दिवसांनी पाणी आलं म्हणून ती आपोआप कमी होत नाही. राग रास्त आहे, पण न भरणं हा कायद्याने दिलेला मार्ग नाही. बोअर आहे म्हणून पाणीपुरवठा लाभ करही सुटत नाही. मोकळ्या प्लॉटलाही कर असतो, तो वर्षानुवर्षं न भरता पडून राहतो आणि विक्रीच्या वेळी अंगावर येतो.

नवी आकारणी आणि नाव बदल

नव्या घराची पहिली आकारणी करायची तर अर्जासोबत नोंदणीकृत खरेदीखत आणि इंडेक्स दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा सूची-उतारा), पीआर कार्ड (मालमत्ता पत्रक) किंवा सातबारा, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, महावितरणचं बिल, आधार आणि मालमत्तेचा फोटो जोडा. हद्दवाढीत आलेल्या गावात घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो. अनेक जण तिथे तलाठ्याचा ८-अ घेऊन येतात आणि रांगेतून परत जातात. ८-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आहे, घराच्या आकारणीचा नव्हे.

खरेदीनंतर नाव बदलण्याची जबाबदारी विकणारा आणि घेणारा दोघांची आहे. महापालिका हद्दीत दस्त झाल्यापासून तीन महिन्यांत लेखी कळवायचं असतं. मालक वारल्यास वारसांना एक वर्ष मिळतं. विकणाऱ्याने कळवलं नाही तर मागणी त्याच्याच नावावर निघत राहते, म्हणून घर विकणाऱ्यांनीही हे काम अंगावर घ्यावं. दुय्यम निबंधकाकडे दस्त झाला म्हणजे पालिकेत नाव लागलं, असं धरून चालू नका. ऑनलाइन बिल उघडून नाव पाहा.

नाव बदलाच्या फाइलमध्ये इंडेक्स दोन, चालू वर्षापर्यंतची पावती, बेबाकी दाखला (थकबाकी नसल्याचा) आणि हस्तांतरण शुल्काची पावती हवी. वारसाचं प्रकरण असेल तर मृत्यू दाखला, सर्व वारसांचं शपथपत्र, आणि एकाच्याच नावे करायचं असेल तर बाकीच्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. इथेच सगळ्यात जास्त अर्ज अडतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं वारसांच्या यादीतून गाळलेली असतात, कोणीतरी हरकत घेतं आणि फाइल थांबते. सगळे वारस पहिल्याच अर्जात लिहा. सगळ्यांची नावं एकत्र लावून घेणं सोपं आहे, वाटणी नंतर करता येते.

बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता स्टँप पेपरवर घेतलेल्या प्लॉटचं काय, हा मराठवाड्यातला जुना प्रश्न. गुंठेवारी वसाहतीत (परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट), खिदमतमाश इनाम (धार्मिक सेवेसाठी दिलेली) किंवा वक्फ जमिनीवर, भोगवटादार वर्ग २ च्या (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनीवर घरं उभी आहेत आणि त्यांना घरपट्टी लागते. लागणारच, कारण कर हा वापरावर आहे. पण घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही आणि त्याने बांधकाम नियमितही होत नाही. परवानगीशिवाय बांधलं असेल तर महापालिका हद्दीत कराशिवाय शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे. प्लॉट विकणारा 'बघा, घरपट्टी माझ्या नावावर आहे' म्हणत असेल, तर तेवढ्यावर इसार देऊ नका. गुंठेवारी नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का, ते विचारा.

भरताना

महापालिका कायद्यात कर दोन सहामाहींत, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला, आगाऊ देय होतो. वर्षाचं एकदम आणि सुरुवातीलाच भरलं तर बहुतेक पालिका सामान्य करात सूट देतात. टक्केवारी आणि शेवटची तारीख दरवर्षी ठरावाने बदलते, म्हणून गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. मुदत उलटली की थकीत रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ५,००० रुपये तीन वर्षं थांबवले तर ३,६०० रुपये नुसती शास्ती. शास्तीमाफीची योजना येईल या आशेवर थांबणारे असतात, आणि कधी कधी ती येतेही. मूळ कर मात्र त्यात माफ होत नाही. ज्याने वेळेवर भरलं त्याच्यावर हा अन्यायच आहे, पण वसुली घसरली की पालिका पुन्हा त्याच वाटेला जाते.

ऑनलाइन भरताना मालमत्ता क्रमांक दोनदा जुळवा. नव्या सर्वेक्षणानंतर अनेक ठिकाणी क्रमांक बदलले आहेत, जुन्या क्रमांकावर भरलेली रक्कम तिथेच अडकते आणि नव्यावर मागणी तशीच राहते. यूपीआयने पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच पुन्हा भरू नका. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहा, मग कर विभागात अर्ज द्या. चेक वटला नाही तर पावती रद्द होते आणि शास्ती मागच्या तारखेपासून लागते. वसुली लिपिकाला रोख दिलीत तर छापील पावती हातात पडेपर्यंत त्याला जाऊ देऊ नका. अर्धवट रक्कम भरलीत तर ती आधी जुन्या थकबाकीत वळती होते, हे लक्षात असू द्या. 'यंदाचं भरलं होतं' हा वाद त्यातूनच निघतो.

सवलत कोणाला? केवळ पूजा-प्रार्थनेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरात असलेल्या इमारतींना सामान्य कर माफ आहे, पण ट्रस्टची नोंदणी असणं एवढंच पुरत नाही. मंदिराच्या गाळ्यात दुकान असेल तर त्या गाळ्याला कर लागतो. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राज्याच्या २०२० च्या योजनेतून एका घरापुरती माफी मिळते, त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडावा लागतो. घर रिकामं असेल तर परताव्याची तरतूद आहे, मात्र रिकामं झाल्याची लेखी सूचना त्याच वेळी दिलेली हवी. दोन वर्षांनी 'घर बंदच होतं' सांगून काही मिळत नाही.

बिल चुकीचं असेल तर

करयोग्य मूल्य वाढवलं की विशेष नोटीस येते. त्यावर छापलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या, सुनावणीला नकाशा आणि फोटो घेऊन जा. हरकतीत 'कर जास्त आहे' एवढंच लिहू नका. नोंदीत क्षेत्र ६६० आहे, प्रत्यक्षात ६०० आहे, असं लिहा. निर्णय पटला नाही तर महापालिका हद्दीत न्यायालयात १५ दिवसांत अपील करता येतं, पण आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि वादातली रक्कम भरावी लागते. नगरपरिषदेत अपील समितीकडे जायचं असतं. यात बहुतेकांचा घात मुदतीनेच होतो.

उतारा, बेबाकी, नाव बदल ही कामं २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात. कोणत्या कामाला किती दिवस आणि जबाबदार अधिकारी कोण, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. मुदत संपली तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, फक्त मूळ अर्जाचा क्रमांक हवा.

पैसा जातो कुठे

पूर्वी जकात होती, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तो ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी उठला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. त्याची भरपाई राज्य देतं, पण तो आकडा पालिकेच्या हातात नाही. हातातलं मोठं उत्पन्न उरलं ते मालमत्ता करच. त्यातून आधी पगार-निवृत्तिवेतन, मग पंपांचं वीजबिल, कचरा, दिवाबत्ती, आणि उरलंच तर रस्ते.

पंपांचं वीजबिल आपल्याकडे मराठवाड्यात जास्त भारी का, ते पाहा. संभाजीनगरला पाणी जायकवाडीहून ढोरकीन, फारोळा, नक्षत्रवाडी असं चढवत आणावं लागतं. धाराशिवला उजनीतून येतं. लातूरचं मांजरा धरण आटलं तेव्हा २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. नळपट्टीतून हा खर्च भागत नाही, तूट घरपट्टीतून भरली जाते, आणि म्हणून आपल्या गल्लीतला रस्ता पुढच्या वर्षावर जातो.

वसुलीचा संबंध केंद्राच्या निधीशीही आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी शहरांच्या अनुदानाला अट घातली : मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या गतीने वाढली पाहिजे. वसुली कमी तर अनुदानालाही कात्री.

खर्चावर बोलायचं असेल तर वेळ पाळा. महापालिकेत पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. अंदाजपत्रकात महिला-बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो, आणि दिव्यांगांच्या निधीसाठी स्वतंत्र अर्ज मागवतात, हे कोणी सांगायला येत नाही. प्रभागातल्या कामाची मागणी डिसेंबर-जानेवारीत लेखी द्या. एप्रिलमध्ये दिलेला कागद पुढच्या वर्षाच्या फाइलमध्ये लागतो.