संघसहकाऱ्यांमधील चुरस (फॉर्म्युला वन)

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाच्या दोन गाड्या धावतात. दोघांच्या गुणांची बेरीज संघाच्या खात्यात जाते, चालकाचे विजेतेपद मात्र एकट्याचे असते. इतर कोणाकडून हरल्यास गाडीकडे बोट दाखवता येते. संघसहकाऱ्याकडे तीच गाडी असल्याने ती सोय उरत नाही. पगार आणि पुढच्या मोसमातली जागा ठरताना पहिली तुलना त्याच्याशीच होते.

‘तीच गाडी’ हेही नेहमी खरे नसते. २०१०मध्ये सिल्व्हरस्टोनला नव्या बनावटीची एकच पुढची विंग शिल्लक राहिली, तेव्हा रेड बुलने ती मार्क वेबरच्या गाडीवरून काढून सेबास्टियन फेटेलला दिली. शर्यत जिंकली वेबरने.

टेलिमेट्री, म्हणजे गाडीवरच्या सेन्सरांनी नोंदवलेली माहिती, दोघांनाही खुली असते. सरावानंतर दोघांच्या लॅपचे (ट्रॅकच्या एका फेरीचे) आलेख एकमेकांवर ठेवले की सहकाऱ्याची वेगाची रेषा कोणत्या वळणावर काही मीटर उशिरा खाली येते, तो थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) कुठे उघडतो, हे लख्ख दिसते. शुक्रवारी स्वतः शोधलेली युक्ती शनिवारच्या पात्रता फेरीत त्याच्याही हाती असू शकते.

शर्यतीत ठिणगी बहुधा पिट स्टॉपच्या, म्हणजे टायर बदलायला थांबण्याच्या, क्रमावरून पडते. आधी थांबणारा ताज्या टायरवर वेळ कमावतो आणि पुढच्याला मागे टाकू शकतो. याला अंडरकट म्हणतात. त्यामुळे पुढे असलेल्याला आधी बोलावण्याचा रिवाज आहे. दोघांना एकाच लॅपला बोलावले, तर मागच्याला रांगेत खोळंबावे लागते. २०२४च्या हंगेरियन ग्रांप्रीत मॅक्लारेनने दुसऱ्या क्रमांकावरच्या लँडो नॉरिसला ४५व्या लॅपला थांबवले आणि आघाडीवरच्या ऑस्कर पिआस्ट्रीला ४७व्या. नॉरिस पुढे गेला. रेडिओवर बराच वेळ मनधरणी झाल्यावर ७०पैकी ६८व्या लॅपला त्याने जागा परत दिली.

सर्वांत तीव्र चुरस आयर्टन सेना आणि अलेन प्रॉस्ट यांची. १९८८मध्ये मॅक्लारेनने १६पैकी १५ शर्यती जिंकल्या : सेनाने ८, प्रॉस्टने ७. एकूण गुण प्रॉस्टचेच जास्त होते, १०५ विरुद्ध ९४. पण सर्वोत्तम ११ निकालच धरायच्या नियमामुळे सेना ९०–८७ असा विजेता ठरला. पुढच्या वर्षी सुझुकाच्या शिकेनवर (लागोपाठच्या उलटसुलट वळणांवर) दोघांच्या गाड्या एकमेकींत अडकल्या. सेना पुढे निघून जिंकला, पण बाद ठरवला गेला आणि विजेतेपद प्रॉस्टला मिळाले.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचे फावते, हे आकड्यांतच दिसते. २००७मध्ये मॅक्लारेनचे अलोन्सो आणि हॅमिल्टन प्रत्येकी १०९ गुणांवर थांबले, तर फेरारीचा रायकोनेन ११० गुणांनी विजेता झाला. २०१६मध्ये बार्सिलोनाला रोझबर्गच्या इंजिनाचा मोड चुकीचा असल्याने तिसऱ्या वळणानंतर त्याचा वेग मंदावला. हॅमिल्टन उजवीकडच्या फटीत घुसला, गवतावर गेला, आणि पहिल्याच लॅपमध्ये मर्सिडीजच्या दोन्ही गाड्या बाहेर पडल्या.

यावर संघांचा उपाय म्हणजे टीम ऑर्डर्स : कोणी कोणाला पुढे जाऊ द्यायचे, याचे चालकांना दिलेले आदेश. २००२च्या ऑस्ट्रियन ग्रांप्रीत फेरारीच्या सांगण्यावरून बारिकेलोने शेवटच्या क्षणी शूमाकरला पुढे जाऊ दिले, प्रेक्षक संतापले आणि पुढच्या वर्षापासून असे आदेश निषिद्ध झाले. ही बंदी राबवणे मुळातच अवघड होते, कारण साध्या वाक्यातूनही आदेश देता येतो. २०१०मध्ये हॉकेनहाइमला ‘फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे’ एवढेच फेरारीच्या मास्साला सांगितले गेले आणि त्याने सहकारी फर्नांडो अलोन्सोला वाट दिली. फेरारीला १ लाख डॉलर दंड झाला. २०११पासून बंदीच उठली.