डाखरोधक लेप

दागिने, चांदीची भांडी आणि इतर धातुकामात डाख (सांधा जोडणारा, कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू) देताना वितळलेला डाख नको तिथे पसरू नये म्हणून सांध्याच्या आजूबाजूला लावायचा लेप. गेरू, पिवळी माती, खडूची पूड किंवा पांढरी चिनीमाती यांपैकी एकाची बारीक पूड पाण्यात कालवून तो करतात. बिजागऱ्या, साखळीच्या कड्या, फिरकीचे आटे आणि आधी डाख दिलेले जुने सांधे ही त्याच्या वापराची मुख्य ठिकाणे.

डाख पसरायला तीन गोष्टी लागतात: स्वच्छ धातू, त्यावर टाकणखारासारखा फ्लक्स (तापताना धातूवरचे ऑक्साइड विरघळवून तो स्वच्छ ठेवणारे द्रव्य) आणि पुरेशी उष्णता. लेप यांतल्या पहिल्या दोन काढून घेतो. धातूवर न वितळणाऱ्या ऑक्साइडचा किंवा मातीचा थर आला की डाखाला पृष्ठभाग धरता येत नाही आणि तो गोळी होऊन थांबतो. तिसऱ्या गोष्टीला मात्र लेप हातही लावत नाही. तो उष्णता अडवत नाही, आणि बहुतेक बिघाड हे लक्षात न घेतल्यामुळे होतात. 92.5 टक्के चांदीच्या कामात कठीण डाख साधारण 780 अंश सेल्सिअसला, मध्यम 765 च्या आसपास आणि मऊ 720 च्या आसपास पूर्ण वाहता होतो. खुद्द ही चांदी 800 अंशांच्या सुमारास वितळू लागते. म्हणजे हाताशी अंतर थोडेच असते. लेपाखालचा जुना डाखही तापल्यावर वितळतोच. फक्त तो पसरत नाही, आणि भागावर वजन किंवा ताण नसेल तर जागेवर राहतो. लोंबणाऱ्या भागाला लोखंडी तारेचा आधार हवाच. म्हणून आधीचे सांधे कठीण डाखाने आणि नंतरचे क्रमाने मऊ डाखाने द्यावेत. लेप ही त्यावरची जादा खबरदारी.

लेप दाट ताकासारखा असावा. पातळ लेपाला तापल्यावर भेगा पडतात आणि डाख त्यांतून वाट काढतो. फार जाड लेपाचे पापुद्रे सुटतात. बारीक कुंचल्याने तो सांध्यापासून एक ते दोन मिलिमीटर दूर लावावा. यात क्रम महत्त्वाचा. आधी सांधा घासून स्वच्छ करावा, फ्लक्स लावून सुकू द्यावा, मग लेप लावून तोही पूर्ण सुकवावा आणि त्यानंतरच ज्योत द्यावी. ओला फ्लक्स आणि ओला लेप एकमेकांना भिडले की गेरू सांध्यात ओढला जातो. सांध्यात गेरू गेला की कितीही तापवा, डाख कडेला गोळ्या होऊन बसतो. तेव्हा आणखी फ्लक्स ओतण्यात अर्थ नसतो. काम थंड करून, आम्लात साफ करून, दोन्ही कडा कानशीने चकचकीत धातूपर्यंत घासून पुन्हा सुरुवात करावी. उलट बाजूचा धोकाही आहे. टाकणखार तापल्यावर फुगतो, 743 अंशांना वितळून वाहतो आणि लोहाचे ऑक्साइड विरघळवतो. म्हणजे फ्लक्स जास्त झाला तर लेपच खाल्ला जातो.

नुसती एक रेघ अडवायची असेल तर शिसपेन्सिल पुरते. टोक मऊ असावे आणि रेघ दाबून, सलग काढावी. खोडरंगाचा (व्हाइटनरचा) पांढरा द्रवही अनेक कारागीर वापरतात. तो बसतो छान, पण काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असतो आणि ओल्या थरावर ज्योत धरली तर विषारी वायू निघतात. गेरू स्वस्त असताना ती जोखीम घेण्याचे कारण दिसत नाही.

बिजागरीत खरी कसोटी लागते. डबीची बिजागरी तीन किंवा पाच नळ्यांची असते. त्या आळीपाळीने झाकणाला आणि डबीला जोडायच्या असतात, आणि मधल्या फटीत डाखाचा थेंबही गेला तर बिजागरी अडकून बसते. नळ्या तापवून काळी केलेल्या पोलादी तारेत ओवाव्यात; काळ्या ऑक्साइडवर डाख चिकटत नाही. नळ्यांची टोके आणि फटी लेपाने भराव्यात. डाखाचा एकेक बारीक तुकडा प्रत्येक नळीच्या मध्यभागी ठेवावा, टोकाजवळ कधीच नाही. डाखाने जेमतेम पकड घेतली की ज्योत काढावी. थंड झाल्यावर तार ओढून झाकण आणि डबी वेगळी करावी, आणि दोन्हींचा डाख स्वतंत्रपणे पूर्ण वाहू द्यावा. शेजारची नळीच समोर नसल्याने या टप्प्यात फटीची चिंता उरत नाही.

काम झाल्यावर लेप गरम पाण्याने आणि ब्रशने घासून काढावा, मगच काम आम्लात टाकावे. खडू आम्लात फसफसून ते फुकट संपवतो, आणि मातीने आम्ल गढूळ होते. लोखंडी तार तर आधी काढलीच पाहिजे. वापरलेल्या आम्लात तांबे विरघळलेले असते. लोखंड आत गेले की ते तांबे चांदीवर गुलाबी थर होऊन बसते.

साखळीला कडीगणिक लेप लावणे परवडत नाही. तिथे यंत्रावर केलेल्या साखळीला डाखाची पूड एरंडेल तेलात कालवून लावतात आणि नंतर शंखजिऱ्याच्या पुडीत घोळवतात. बाहेरची पूड निघून जाते, डाख फटीत तेवढा उरतो, आणि मागे राहिलेले शंखजिरे भट्टीत कड्यांना एकमेकींशी चिकटू देत नाही.

दागिन्यांबाहेरही हेच तत्त्व आढळते. शिशाच्या नळांचे सांधे देणारे जुने नळकारागीर काजळी आणि सरसाचे मिश्रण नळाला फासत आणि सांध्यापुरताच पट्टा खरवडून उघडा ठेवत. इलेक्ट्रॉनिक्समधल्या मुद्रित मंडलावरचा (सर्किट बोर्डवरचा) ओळखीचा हिरवा थर हाही डाखरोधकच. तो कायम राहतो आणि डाख फक्त उघड्या ठेवलेल्या तांब्यावर बसतो. तिथे काम 250 अंशांच्या आसपास होत असल्याने राळेचा थर टिकतो. चांदीच्या कामात तो जळून जाईल.