गॉड सेव्ह द क्वीन (सेक्स पिस्टल्सचे सिंगल)

सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक रॉक बँडचे दुसरे सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली स्वतंत्र तबकडी). व्हर्जिन रेकॉर्ड्सने ते २७ मे १९७७ रोजी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध केले. राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाची तयारी तेव्हा देशभर सुरू होती, आणि राष्ट्रगीताचेच नाव घेतलेल्या या गाण्यात राजेशाहीला थेट फॅसिस्ट राजवट म्हटले होते.

गाणे मात्र महोत्सवासाठी रचलेले नव्हते. जॉन लायडन ऊर्फ जॉनी रॉटन याने लिहिलेले हे गाणे बँड आधीपासून ‘नो फ्यूचर’ या नावाने मंचावर गात असे. ध्वनिमुद्रण लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत झाले. निर्माता होता क्रिस थॉमस. स्टीव्ह जोन्सच्या गिटारचे थरावर थर चढवून त्याने जो घट्ट, भरीव आवाज मिळवला, त्याकडे वादाच्या गदारोळात फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ही मोठी उणीव म्हणावी लागेल, कारण गाण्याची जरब शब्दांइतकीच त्या गिटारमध्ये आहे.

प्रसिद्धीची वाट सोपी नव्हती. दूरचित्रवाणीवरील शिवराळ मुलाखतीनंतर ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीने बँडशी संबंध तोडले होते. मार्च १९७७ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यासमोर ए अँड एम या दुसऱ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाला, पण आठवड्याभरात तोही मोडला आणि छापून तयार असलेल्या बहुतेक तबकड्या नष्ट करण्यात आल्या. वाचलेल्या मोजक्या प्रतींना आज संग्राहक प्रचंड किंमत देतात. मे महिन्यात व्हर्जिन पुढे आली, तेव्हा तबकड्या छापणाऱ्या कारखान्यातील कामगारांनीच सुरुवातीला काम करायला नकार दिला. चित्रकार जेमी रीडने केलेले तबकडीचे वेष्टनही तितकेच स्फोटक होते : राणीच्या छायाचित्रात डोळ्यांवर आणि तोंडावर पट्ट्या, त्यांवर वर्तमानपत्रातून कापल्यासारख्या अक्षरांत गाण्याचे व बँडचे नाव.

बीबीसीने गाणे वाजवण्यास बंदी केली, स्वतंत्र रेडिओ केंद्रांवरही ते बंद झाले, आणि वुलवर्थसारख्या मोठ्या दुकानांनी ते विकायला ठेवले नाही. तरीही विक्री थांबली नाही. महोत्सवाच्या आठवड्यात एनएमई या संगीत साप्ताहिकाच्या विक्री-क्रमवारीच्या यादीत ते पहिले आले. अधिकृत यादीत ते दुसरे राहिले. पहिल्या स्थानी गायक रॉड स्टुअर्ट होता. हा क्रम मुद्दाम लावला गेला, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. तो सिद्ध झालेला नाही. काही ठिकाणी लावलेल्या याद्यांत दुसऱ्या क्रमांकापुढची जागा कोरीच सोडली होती. रेडिओवर न वाजताही गाणे किती दूर पोहोचले, हे त्या कोऱ्या जागेइतके दुसरे काहीच सांगत नाही.

७ जून रोजी बँडने ‘क्वीन एलिझाबेथ’ नावाच्या बोटीवरून टेम्स नदीत कार्यक्रम केला. पोलिसांनी बोट धक्क्याला लावायला लावली आणि व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेनसह अनेकांना अटक केली. त्याच महिन्यात लायडनवर रस्त्यात धारदार शस्त्रांनी हल्ला झाला, ड्रमवादक पॉल कुक यालाही मारहाण झाली. एका गाण्याची एवढी शारीरिक किंमत मोजावी लागलेले बँड ब्रिटिश रॉकमध्ये थोडेच आहेत.

ऑक्टोबर १९७७ मध्ये बँडच्या एकमेव स्टुडिओ अल्बममध्ये हे गाणे समाविष्ट झाले. २००२ मध्ये राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आणि २०२२ मध्ये सत्तराव्या वर्षाच्या सोहळ्यावेळी सिंगल पुन्हा बाजारात आले.