तेल कंपनीच्या अहवालातला मिथेन कुणी मोजला?

गळीत हंगाम सुरू झाला की पलूस, वाळवा, कराडकडचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या अशा एखाद्या ट्रॅक्टरच्या टाकीतल्या फक्त एक लिटर डिझेलचा हिशेब करून बघू. एक लिटर डिझेलचं वजन साधारण 835 ग्रॅम. त्यात सुमारे 86 टक्के कार्बन, म्हणजे 718 ग्रॅम. जळताना कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू जोडले जातात, त्यामुळे 12 ग्रॅम कार्बनपासून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गुणाकार केला की उत्तर येतं 2.6 किलोच्या आसपास. ट्रॅक्टर जुना असो की नवा, घाट चढत असो की सपाटीला असो, एक लिटर डिझेल पूर्ण जळलं की हवेत एवढा वायू जाणारच. बारावीच्या रसायनशास्त्राच्या पलीकडचं यात काही नाही.

आता हे तेल ज्या कंपनीने जमिनीखालून किंवा समुद्राखालून उपसलं, तिच्या कागदपत्रांत या वायूची नोंद कुठे असते? आपल्याकडे ‘सेबी’ या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने शेअर बाजारातल्या बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून एक अहवाल बंधनकारक केला आहे. गुंतवणूकदार त्याला बीआरएसआर म्हणतात. कंपनीने पाणी किती वापरलं, कचरा किती केला, कामावर किती अपघात झाले, असं बरंच काही त्यात भरावं लागतं, आणि पर्यावरणाची माहिती सहाव्या तत्त्वाखाली येते. तेल आणि वायू उद्योगासाठी जगभर वापरलं जाणारं ‘जीआरआय 11’ नावाचं मानकही आहे. ते 2021 मध्ये आलं आणि त्यात हवामानापासून जमीन-अधिकारांपर्यंत 22 विषय आहेत.

सांगली-साताऱ्यात निवृत्तीचे पैसे शेअर्समध्ये ठेवणारे पुष्कळ लोक आहेत, आणि चांगला लाभांश मिळतो म्हणून सरकारी तेल कंपन्यांचे शेअर बऱ्याच जणांकडे असतात. वार्षिक अहवाल आला की लाभांशाचं पान वाचलं जातं, पुढची पानं तशीच राहतात. त्या पुढच्या पानांवरचा एक तक्ता मात्र प्रत्येकाने वाचावा असं मला मनापासून वाटतं.

तो तक्ता म्हणजे उत्सर्जनाचा. 2001 साली आलेल्या ‘जीएचजी प्रोटोकॉल’ या हरितगृह वायू मोजण्याच्या पद्धतीनुसार कंपनीचं उत्सर्जन तीन कप्प्यांत मांडतात. त्यांना स्कोप 1, स्कोप 2 आणि स्कोप 3 म्हणतात. कंपनीच्या स्वतःच्या विहिरी, बॉयलर, जनरेटर, वाहिन्या यांतून थेट हवेत जातं ते पहिल्यात. बाहेरून विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन दुसऱ्यात. कंपनीने चाळकेवाडीच्या पठारावर दिसतात तशा पवनचक्क्यांची वीज घेतली की हा कप्पा हलका होतो. तिसऱ्यात बाकी सगळं, आणि तेल कंपनीच्या बाबतीत त्यातला सर्वांत मोठा भाग म्हणजे विकलेल्या इंधनाचं ज्वलन. आपल्या ट्रॅक्टरचे ते 2.6 किलो इथे येतात. तेल-वायू उत्पादकाच्या एकूण उत्सर्जनातला साधारण 80 ते 90 टक्के वाटा या तिसऱ्या कप्प्याचा असतो.

बीआरएसआरमध्ये पहिले दोन कप्पे भरणं सक्तीचं आहे. तिसरा ऐच्छिक माहितीत मोडतो. कंपन्यांची बाजू अशी, की इंधन जाळतो तो ग्राहक, आम्ही नाही. शिवाय तोच वायू ट्रॅक्टरमालकाच्याही खात्यावर चढतो, म्हणजे दोनदा मोजला जातो. दोनदा मोजला जातो हे खरंच आहे. म्हणूनच सगळ्या कंपन्यांचे तिसरे कप्पे एकत्र करून जगाची बेरीज कुणी करू नये. पण एका कंपनीचा धंदा हवामानाशी किती बांधलेला आहे हे पाहायचं असेल, तर तो कप्पा बाजूला ठेवून चालत नाही.

माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. तिसरा कप्पा अनिश्चित असतो, त्याचे आकडे मिळवणं अवघड असतं, असं नेहमी सांगितलं जातं. कापड गिरणी किंवा मोटार कारखान्याबाबत ते पटतं, कारण त्यांचे पुरवठादार शेकडो असतात. तेल उत्पादकाचं तसं नाही. किती पिंपं तेल विकलं हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं, कारण त्यावरच रॉयल्टी आणि कर भरावे लागतात. 159 लिटरच्या एका पिंपामागे सुमारे 430 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, हेही ठरलेलं आहे. तेलाचा थोडा भाग प्लास्टिक आणि डांबरात जातो, तेवढा वजा करायचा. अहवालातला हा सर्वांत मोठा आकडा आहे आणि काढायला सर्वांत सोपाही. खरी अनिश्चितता आहे ती पहिल्या कप्प्यात, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कुंपणाच्या आत. तिथे तिचं नाव मिथेन.

नैसर्गिक वायूत प्रामुख्याने मिथेनच असतो. सांगलीत सीएनजीवर धावणाऱ्या रिक्षांच्या टाकीत असतो तोच. त्याला रंग नाही, वासही नाही; पंपावर जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा. एक टन मिथेन जाळला तर पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड होतो. तोच टनभर मिथेन न जळता निसटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता कोंडण्याची ताकद जवळपास 30 टन कार्बन डायऑक्साइडएवढी भरते, आणि वीस वर्षांच्या हिशेबात 80 टनांहून जास्त. हवेत तो साधारण 12 वर्षं टिकतो, पण तेवढ्या काळात फार ऊब कोंडतो. आज गळती थांबवली तर परिणाम आपल्या हयातीत दिसेल, असा हा वायू आहे.

आसाममधल्या बागजान इथल्या विहिरीचं उदाहरण घेऊ. 27 मे 2020 रोजी तिथे वायूचा उद्रेक झाला, आणि आग लागली ती 9 जूनला. बातम्यांत आगीचे लोळ दिसले, पुढे कित्येक महिने ती धगधगत होती, आग विझवणाऱ्यांतल्या दोघांचा जीव गेला, शेजारच्या मागुरी-मोटापुंग या पाणथळ जागेची हानी झाली. हवामानाच्या बाजूने पाहिलं तर आगीआधीचे जवळजवळ दोन आठवडे तितकेच गंभीर होते. त्या दिवसांत वायू न जळता थेट आकाशात जात होता, आणि डोळ्यांना त्यातलं फारसं काही दिसत नव्हतं.

एवढा मोठा उद्रेक निदान कळतो तरी. रोजच्या गळतीचं काय? विहिरीपासून वाहिनीपर्यंत हजारो व्हॉल्व्ह, फ्लँज, जोड, टाक्यांची झाकणं असतात. बहुतेक अहवालांमध्ये मिथेनचा आकडा कसा येतो, तर प्रत्येक प्रकारच्या सुट्या भागांची संख्या घ्यायची आणि ‘असा एक व्हॉल्व्ह वर्षाला सरासरी इतका गळतो’ या ठरीव गुणकाने गुणायचं. अमेरिकेत वापरले जाणारे यातले बरेच गुणक 1990 च्या दशकातल्या एका अभ्यासातून आलेले आहेत. म्हणजे प्रत्यक्ष व्हॉल्व्हजवळ कुणी उपकरण घेऊन गेलेलंच नसतं. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे लगेच उमजेल. ऊस काट्यावर न चढवता, ‘तुमच्या शिवारात एकरी सरासरी एवढा निघतो’ म्हणून कारखान्याने बिल काढलं, तर ते कुणीही घेणार नाही. काट्याच्या पावतीसाठी आपल्याकडे आंदोलनं झाली आहेत.

सरासरी इथे फसते, त्याला कारण आहे. गळती सगळ्या जोडांमध्ये सारखी वाटलेली नसते. अमेरिकेतल्या हजारो मोजण्या एकत्र करून 2016 मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की सर्वांत मोठ्या 5 टक्के गळत्यांमधूनच निम्म्याहून अधिक वायू जातो. टाकीचं झाकण उघडं राहिलेलं, व्हॉल्व्ह मध्येच अडकलेला, वायू जाळणाऱ्या चिमणीची ज्योत विझलेली, असे हे प्रकार असतात. ते कधी होतील सांगता येत नाही, दोन दिवसांत दुरुस्तही होतात, आणि ठरीव गुणकात ते मावत नाहीत. 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जमिनीवरून आणि विमानांतून केलेल्या मोजणीची सरकारी अंदाजाशी तुलना केली होती. अमेरिकेच्या तेल-वायू साखळीतला मिथेन सरकारी आकड्यापेक्षा सुमारे 60 टक्के जास्त भरला.

फ्लेअर म्हणजे नको असलेला वायू जाळून टाकणारी उंच चिमणी. पाठ्यपुस्तकी समजूत अशी, की तिच्यात 98 टक्के मिथेन जळतो. 2022 मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या तेलक्षेत्रांवर विमानातून केलेल्या मोजणीत, विझलेल्या फ्लेअर धरून, प्रत्यक्ष प्रमाण 91 टक्क्यांच्या आसपास निघालं. दोन आकडे तसे जवळचे वाटतात, पण न जळता निसटणारा भाग पाहा: 2 टक्क्यांवरून 9 टक्के, म्हणजे चौपटीहून अधिक. ज्या अहवालात 98 टक्के गृहीत धरले आहेत, त्यातला मिथेन तेवढ्या पटीने कमी दिसू शकतो, आणि तसं लिहिणाऱ्याने काही खोटं केलेलं असतं असंही नाही.

मोजायची साधनं आता आहेत. मिथेन 3.3 मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण शोषतो. तेवढाच पट्टा टिपणारा कॅमेरा जोडावर रोखला की उघड्या डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या हवेत धुरासारखा लोट हलताना दिसतो. वरून पाहायला उपग्रह आहेत. 2017 मध्ये सोडलेल्या युरोपच्या सेंटिनेल-5पी उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण रोज जवळपास सगळ्या पृथ्वीवरून नजर फिरवतं. फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात एका वायूविहिरीचा उद्रेक झाला होता. तिच्यातून तासाला सुमारे 120 टन मिथेन जात होता, हे याच उपकरणाच्या नोंदींवरून नंतर काढता आलं.

उपग्रहांनाही मर्यादा आहेत. ट्रोपोमीचा एक ठिपका काही किलोमीटरचा, त्यामुळे त्याला फक्त मोठी गळती दिसते. ढग असले की काहीच दिसत नाही. समुद्राचं पाणी हे किरण शोषून घेतं, म्हणून सूर्याची तिरीप नेमकी परावर्तित होत असेल तेव्हाच समुद्रावरचा मिथेन टिपता येतो. 1976 पासून तेल देणारं आपलं मुंबई हाय समुद्रात आहे आणि पावसाळ्यात चार महिने ढगांखाली असतं. तिथल्या आकड्यासाठी उपग्रहावर विसंबता येणार नाही. समुद्रातल्या तेल उपसणाऱ्या फलाटावर जाऊन, बोटीतून किंवा विमानातून मोजावं लागेल.

मोजण्याच्या पद्धतीला दर्जा देण्याची एक चांगली व्यवस्था संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2020 मध्ये उभी केली. ‘ओजीएमपी 2.0’ हे तिचं नाव. तिच्यात पाच पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर कंपनी सगळा मिथेन एका ढोबळ आकड्यात सांगते, तिसऱ्या पायरीवर ठरीव गुणक येतात, चौथीवर प्रत्येक स्रोताची प्रत्यक्ष मोजणी, आणि पाचवीवर ती बेरीज संपूर्ण जागेवर स्वतंत्रपणे केलेल्या मोजणीशी ताडून पाहायची. सहभाग ऐच्छिक असला तरी मला ही रचना आवडते, कारण इथे आकडा लहान की मोठा यापेक्षा तो कुठून आला याला महत्त्व आहे. खालून वर चढणाऱ्या कंपनीचा मिथेन कागदावर वाढू शकतो, आणि ती वाढ स्वागतार्ह मानायला आपण शिकायला हवं.

तक्ता वाचताना आणखी दोन जागा बघाव्यात. बीआरएसआरमध्ये ‘उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे उत्सर्जन’ असा एक आकडा असतो. तेल महागलं की उलाढाल फुगते. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर कच्च्या तेलाने पिंपाला 100 डॉलर ओलांडले होते. अशा वर्षी एक किलोही उत्सर्जन न घटवता हा आकडा खाली येतो. उत्पादकाची प्रगती पिंपामागे किती, अशीच पाहावी. दुसरी जागा हद्दीची. एका क्षेत्रात तीन भागीदार असतील आणि प्रत्येकाने फक्त स्वतः चालवलेल्या विहिरी मोजल्या, तर न चालवणाऱ्यांच्या वाट्याचं उत्सर्जन त्यांच्या अहवालात येतच नाही. जुनी गळकी विहीर दुसऱ्याला विकली की ती विकणाऱ्याच्या अहवालातून जाते, हवेतून जात नाही. तळटीपेत मिथेनचा गुणकही, म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबात एक टन मिथेन किती टन कार्बन डायऑक्साइडएवढा धरला तो आकडा, पाहून घ्या. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने तो 2007 मध्ये 25, 2013 मध्ये 28 आणि 2021 मध्ये जीवाश्म मिथेनसाठी 29.8 दिला. जुना गुणक वापरला की तेवढ्याच वायूचा भार कमी दिसतो.

भागधारक एका शेअरचा असला तरी त्याला वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येतो. 2020 पासून बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या सभा ऑनलाइन होतात, बोलायचं असेल तर आधी ईमेलने नाव नोंदवायचं असतं, आणि पत्ता सभेच्या नोटिशीत दिलेला असतो. सहकारी कारखान्याच्या सभेत उठून अध्यक्षांना साखरेचा उतारा विचारणाऱ्या भागाला हे अवघड नाही. नोंदणी करताना हे प्रश्न लिहून पाठवता येतील: तुमच्या स्कोप 1 मधल्या मिथेनपैकी किती टक्के प्रत्यक्ष मोजला आणि किती ठरीव गुणकाने काढला? फ्लेअरमध्ये किती टक्के ज्वलन गृहीत धरलं, आणि ते तुमच्या स्वतःच्या फ्लेअरवर शेवटचं कधी तपासलं? विकलेल्या तेलाचं ज्वलन तक्त्यात नसेल, तर विक्रीचे आकडे हाताशी असताना ते का नाही?